पौषातला आंबा

नवऱ्याचं नाव मी कधी घेतलं नाही. लग्नात उखाण्याची वेळ आली तेव्हाही पदर तोंडाशी धरून गिळून टाकलं. पण आमच्या तेरखेड्याच्या फटाक्यांच्या कारखान्यात ते नाव रोज सकाळी तीस तोंडांतून निघतं. गोरोबाची पिशवी कुठाय, असं विचारत माणसं कडुलिंबाखाली येतात आणि मी पिशवीचं तोंड उघडून धरते.

कारखाना म्हणजे काय, पत्र्याच्या चार खोल्या, एक हौद आणि भोवती माळ. आठ वर्षांपूर्वी वैशाखात माझ्या माणसाच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा आतल्या फरशीवर पडला. ठिणगी उडालेली कुणाला दिसलीसुद्धा नाही, दारू पेटली तेवढी दिसली. ते तसेच हौदाकडं धावले आणि हौदाच्या चार पावलं अलीकडं पडले. त्या दिवशी त्यांनी डब्याबरोबर दोन आंबे नेले होते. दाराबाहेरच्या दगडावर ते मला जसेच्या तसे सापडले.

तेव्हापासून मालक चाँदपाशाभाईंनी नियम केला. किल्ली, नाणं, ताईत, मोबाईल, काडेपेटी, जे असेल ते आपापल्या रुमालात गाठ मारून पिशवीत टाकायचं आणि मगच आत पाय ठेवायचा. जेवणाच्या सुट्टीला ज्यानं त्यानं आपली गाठ न्यायची. दुसऱ्याची गाठ कुणी सोडायची नाही, मीही नाही. माणसाच्या खिशात काय असतं ते त्याचं त्यालाच माहीत असलेलं बरं, असं तेव्हा मलाही वाटायचं. पिशवी मीच शिवली, त्यांच्या जुन्या बंडीची. ती सांभाळायची आणि बसल्या जागी नळ्यांवर रंगीत कागद डकवायचा, हे काम भाईंनी मला दिलं.

यंदा पौषात, भर दुपारी बाराला, मला आंब्याचा वास आला.

कच्च्या कैरीचा नव्हे, पिकून गळायला आलेल्या आंब्याचा. थोडासा करपट, पण आंबाच. पौषात माळावर आंबा कुठला यायला? मी उठून झाडाला फेरी मारली, कुणी नव्हतं. पण वास एकट्या मलाच आला नव्हता. बायका कामावरून माना वर करून माझ्याकडं बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातली एक लिंबू उतरवून टाकू म्हणाली. मी तिला म्हटलं, टाकून तर बघ.

तिसऱ्या दिवशी फांदीवरून पिशवी काढताना ती कोमट लागली. नुकतीच कुणी अंगातून बंडी काढून ठेवावी तशी. झाडाची सावली होती, ऊन तिला लागलं नव्हतं.

आता इथं मला माझीच लाज सांगायची आहे. आमच्या धंद्यात ऊब हे सगळ्यात वाईट लक्षण. सुकत घातलेल्या दारूला हात लावला आणि जरा जरी कोमट वाटली, तर आधी ओरडायचं आणि मग विचार करायचा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी ओरडले नाही. मला भीती वाटायला हवी होती आणि मला बरं वाटलं. मी पिशवी मांडीवर घेऊन बसले, पुढचे दोन दिवस तशीच बसले. पाचव्या दिवशी तर ठेवणीतलं लुगडं नेसून गेले. पन्नाशी उलटलेली बाई मी, कुणाला दाखवायचं होतं देव जाणे.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीला अबुजर गाठ घ्यायला आला. हा दारू कालवणारा, कामाला चोख. पाच-सहा वर्षांत त्यानं कधी बिडी ओढलेली कुणी पाहिली नाही आणि भाई बाकीच्यांना त्याचंच उदाहरण द्यायचे. त्याची गाठ सगळ्यांत गरम होती. मी ती हातात घेतली, क्षणभर धरली आणि त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती घाईनं पँटच्या खिशात कोंबली आणि चालायला लागला.

दहा पावलं गेला असेल. खिशातून आधी शिट्टीसारखा आवाज आला, मग पांढरा धूर, मग जाळाची चिळकांडी. अबुजर ओरडला नाही, धावला. हौदाकडं धावला. हौदाच्या पलीकडं तरटावर दारू सुकत होती आणि तिथंच पत्र्याच्या सावलीला वीस माणसं डबे सोडत होती.

मला दोन माणसं धावताना दिसली. एक अबुजर आणि त्याच्या पुढं चार पावलांवर दुसरा. खोटं कशाला सांगू, दिसली. त्या दुसऱ्याला आठ वर्षांपूर्वी मला अडवता आलं नव्हतं. अबुजरला मी आडवी गेले, त्याला वाळूच्या ढिगात पाडलं आणि खिशात हात घालून ते जळतं बोचकं उपसून काढलं. पँटचं कापड वितळून त्याच्या मांडीला चिकटलं होतं. माझ्या उजव्या तळव्यावर त्याच्या गाडीच्या किल्लीचा ठसा उठला, तो अजून आहे.

सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बोटाएवढा काळा पडलेला सेल दाखवला. धूर ओढायच्या विजेच्या नळीतला हा जादा सेल, नाणी आणि किल्ल्यांच्या गाठीत सुटा बांधला होता, त्या धातूनंच तो पेटला, असं त्यांनी समजावलं. नळीही त्याच गाठीत होती. तिचं बटण गाठीत दाबलं गेलं की ती आपोआप तापायची. हायवेवरच्या टपरीत अशा नळ्या चोरून मिळतात म्हणे.

अबुजर रडत होता. "त्यात काडी न्हाय, ठिणगी न्हाय, अक्का," तो म्हणाला. "म्या आगीला भिऊनच बिडी सोडली व्हती."

मी विचारलं, वास कसला होता रे तिला?

"आंब्याचा."

मी भिंतीकडं तोंड केलं. तीन दिवस मी एका यंत्राला मांडीवर घेऊन बसले होते.

एका मांडीची कातडी काढून दुसरीवर लावली त्याच्या. तेवीस दिवस तो तिथं होता. त्याची बायको मदिहा रोज यायची आणि माझे पट्टी बांधलेले हात डोळ्यांना लावायची. तुमच्यामुळं माझा माणूस वाचला, म्हणायची. चार दिवस मी ते ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी मला ते सोसवेना. मी सांगून टाकलं की पिशवी गरम झालेली मला माहीत होती आणि मी गप्प बसले. का गप्प बसले तेही सांगितलं. तिनं माझे हात हळूच खाली ठेवले. दुसऱ्या दिवसापासून ती आली की नुसती मान हलवायची.

होळीच्या आधी अबुजर कामावर आला. पाय वाकत नाही, म्हणून माझ्या शेजारी पाय लांब करून कागद डकवायला बसतो. आता नियम बदलला आहे. सगळ्या गाठी माझ्यासमोर सोडून दाखवायच्या आणि मगच पिशवीत टाकायच्या.

परवा दुपारी बाराला वास आला.

अबुजरचा हात कागदावरच थांबला. न विचारता त्यानं दोन्ही खिसे उलटे करून दाखवले, रिकामे होते. मी पिशवी वाळूवर पालथी केली आणि तीसच्या तीस गाठी सोडल्या. किल्ल्या, ताईत, चिल्लर, मोबाईल, सगळं गार. बाजारात अजून आंबा आलेला नव्हता. मी रिकाम्या पिशवीत उजवा हात घातला. त्या तळव्याला आता ऊन-गार कळत नाही, डॉक्टरांनीच तसं सांगितलंय. तरी मला कळलं. पिशवी कोमट होती.

गाल टेकवावा असं फार वाटलं. आतून माणसं दारात येऊन उभी राहिली होती. मला मदिहानं खाली ठेवलेले माझे हात आठवले. मी उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा ते नाव घेतलं.

"गोरोबा," मी म्हटलं, "हितं तीस माणसं हायती. तुमी आता येऊ नका."

कुणी हसलं नाही. पिशवी माझ्या हातातच हळूहळू गार झाली. मग मी तिचं तोंड उघडून धरलं आणि एकेकाला आपली गाठ पुन्हा बांधून टाकायला सांगितलं.