कुंकू लावलेला बल्ब

मी मोटारीचा हॅलोजन बल्ब बोलतोय. माझं सगळं आयुष्य एका संध्याकाळीत आटोपलं, पण काय सांगू, मजा आली!

जन्मलो कारखान्यात, पण जग पाहिलं जुईनगरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात. खोक्यावर 'जादा उजेड' छापलेलं, त्यामुळे मी हवेतच होतो. तिथे घणसोली गावातले गोटीराम आणि त्यांचा मुलगा रूपेश आले. रूपेशचं म्हणणं, बाबांना अंधारात दिसत नाही, त्यांनी गाडी चालवणं सोडावं.

"माजे डोले चांगले हान," गोटीराम म्हणाले. "बल्बच मेलेले हान."

शेवटी ठरलं, नवे बल्ब लावूनही दिसलं नाही तर चावी रूपेशची.

दुकानदाराने आमची जोडी पुढे ठेवली. "सगळ्यात ब्राइट हे. वॅट तेवढेच, वायरिंगचं टेन्शन नाही. फक्त लवकर जातात. आणि काचेला हात लावू नका, डाग तापला की बल्ब फुटतो."

लवकर जातात हे ऐकूनही मला हसूच येत होतं.

घरी रूपेश मला बसवणार, तोच त्याची आई सुमित्राबाई हळदकुंकू घेऊन आल्या. घरात नवी वस्तू आली की आधी कुंकू. त्यांनी थेट माझ्या काचेवर बोट टेकवलं.

"आई, काचेला हात लावायचा नसतो."

"हात कवा लावला? कुकू लावला."

रूपेशने मला शर्टाला पुसलं, पण लाल डाग राहिलाच. जोडीतल्या दुसऱ्या बल्बच्या, माझ्या भावाच्या वाट्याला कुंकू आलं नाही, म्हणून मी आणखीच फुशारलो.

मग अंधार पडल्यावर बापलेक रबाळ्याच्या रस्त्याला लागले. गोटीराम गाडी चालवत होते. मी नुसता सुटलो होतो! पाट्या, स्पीडब्रेकर, कुत्र्यांचे डोळे, जे समोर येईल ते उजळून टाकत होतो. तेवढ्यात डाग तापला, चटका बसला आणि मी फट्‌कन फुटलो. उजवी बाजू काळोखात गेली.

"बग," गोटीराम खुशीत म्हणाले, "दोनी बल्ब कशे तलपतान."

गाडी कडेला घ्यायला लावून रूपेशने वडिलांना दिव्यांसमोर नेलं. गोटीरामांनी डाव्या दिव्यासमोर हात धरला, पंजा उजळला. मग उजव्यासमोर धरला. बराच वेळ धरून ठेवला.

"मना वाटला दोनी चालू हान," ते हळूच म्हणाले. "चावी तुजी. सकाली डाक्टरकरं ने मना."

आता मी भंगाराच्या डब्यात आहे आणि अजून हसतोय. एका संध्याकाळीत काय उजेड पाडलास, असं कुणी विचारलं तर खुशाल गोटीरामांकडे पाठवा. येताना ते पहिल्यांदाच मुलाशेजारच्या सीटवर बसले, आणि घर येईपर्यंत त्याला बजावत होते, "हलू चालव, एकच दिवा हाय."