नऊ वाजून शून्य सेकंद

ताईला आणि मला खोड एकच. इंटरनेटवर काही विचित्र सापडलं की ते एकट्याच्या पोटात राहत नाही, लगेच दुसऱ्याच्या गळ्यात मारावं लागतं. प्रोग्रामिंगही तिनंच मला शिकवलं, कान पिळून. लग्न होऊन ती दुसऱ्या शहरात गेली, तरी आमची लिंकांची देवाणघेवाण सुरूच राहिली. एका निवृत्त पोस्टमननं काढलेला कुत्र्यांचा नकाशा: कुठलं चावतं, कुठलं नुसतं भुंकतं. आपला चहा किती मिनिटांत निवतो हे अकरा वर्षं लिहून ठेवणारी एक बाई. लिंकेखाली माझ्या दोन ओळी, त्यावर तिचा टोमणा, त्यावर माझा. एकमेकांची खुशाली त्यातच कळायची.

गेल्या वर्षी मला बढती मिळाली आणि वेळेची पार वाट लागली. ताईला लिंक पाठवायचं रोज राहून जायचं आणि रोज वाईट वाटायचं. अशा वेळी शहाणा माणूस फोन करतो. मी प्रोग्राम लिहिला.

साठवलेल्या चारशे लिंकांमधली एक तो उचलायचा, माझ्या बारा ठरलेल्या वाक्यांपैकी एक तिला जोडायचा, ‘ताई, हे बघ, तुला आवडेल’ किंवा ‘ताई, हसू नकोस हं’, आणि सकाळी नऊला पाठवून द्यायचा. थोड्या वेळानं ताईचं ‘भारी रे!’ यायचं. मी ते न उघडताच पडद्याच्या कोपऱ्यात पाहायचो, ताई मजेत आहे असं समजायचो आणि कामाला लागायचो.

परवा दुपारी भावोजींचा फोन आला.

"कामात आहेस का? ताईचं ऑपरेशन नीट झालं, एवढंच सांगायचं होतं."

"कसलं ऑपरेशन?"

"अरे, पोटातली गाठ काढली ना सोमवारी. साधीच निघाली, काळजीचं काही नाही. पण तुला माहीत नव्हतं? रोज बोलता ना तुम्ही दोघं?"

सोमवारी मला ‘भारी रे!’ आलं होतं. मंगळवारी आणि बुधवारीही.

तसाच निघालो. बसमध्ये तिची उत्तरं पहिल्यांदाच मागे जाऊन वाचली. भारी रे, भारी रे, भारी रे. सगळी नऊ वाजून चार मिनिटांनी. मग अकरा दिवसांपूर्वीचं एक, संध्याकाळचं: "आज गंमत नको. वेळ मिळाला की फोन कर ना." ते आलेलं मला दिसलं होतं. ताईचं आहे, म्हणजे भारीच असणार, असं म्हणून मी उघडलं नव्हतं. त्याखाली दुसऱ्या दिवशी सकाळी माझं: "ताई, हसू नकोस हं." आणि कागदी पेंग्विनांची लिंक. माझी मलाच लाज वाटली.

ताई उशीला टेकून बसली होती. चेहरा उतरलेला, वेणी वाकडी, भावोजींचंच काम. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "प्रोग्राम लावलास ना?"

"कधी कळलं?"

"तिसऱ्याच दिवशी. नऊ वाजून शून्य सेकंद! जन्मापासून तू कुठे वेळेवर पोचलायस का? माझ्या लग्नातसुद्धा सगळ्यांची जेवणं उरकल्यावर उगवलास."

"मग बोलली का नाहीस?"

"राग आला होता. म्हणून मीही एक लावला. चार मिनिटांनी ‘भारी रे’."

शेरास सव्वाशेर! ती हसायला लागली आणि टाक्यांवर हात दाबून थांबली. म्हणजे इतके महिने आमचे प्रोग्रामच एकमेकांची विचारपूस करत होते.

"त्या दिवशी मात्र मी स्वतः लिहिलं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "गाठ आहे म्हणून कळलं त्या दिवशी. फार भीती वाटली रे."

मला रडू आलं. नर्स औषध द्यायला आली होती, तिच्यासमोरच रडलो. "चुकलो ताई," म्हणालो. जाऊ दे, असं काही ती म्हणाली नाही. तिनं पाणी मागितलं, मी दिलं, आणि ग्लास रिकामा झाल्यावर तिनं माझा हात धरून ठेवला.

प्रोग्राम तिथेच बसून पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला तपासायला डॉक्टर आले, तसा मी बाहेरच्या बाकावर जाऊन शोधायला लागलो. हात अवघडल्यासारखा झाला होता. कित्येक महिन्यांत मी स्वतः काही शोधलंच नव्हतं. बऱ्याच वेळानं एक सापडलं. कुणीतरी आपल्या इमारतीतल्या प्रत्येक दाराचा, किल्ली फिरून ते उघडतानाचा आवाज टिपून ठेवला होता. सगळे ऐकले आणि लिहिलं: "ताई, सातवा ऐक. आपल्या जुन्या घराचं दार. तू कामावरून यायचीस तेव्हा अस्संच वाजायचं, आणि मी पुस्तक उघडून अभ्यासाचं सोंग करायचो."

आत तिचा फोन वाजला. डॉक्टर गेल्यावर मी दारात उभा राहिलो. ताईनं फोन कानाला लावला होता, डोळे मिटलेले.

"नऊ चाळीस," ती डोळे न उघडता म्हणाली.

"हो. उशीर झाला."

"म्हणजे हा तूच," ती म्हणाली आणि तिनं सातवा आवाज पुन्हा लावला.