गवताचे चाक

डाव्या बाजूचे मागचे चाक दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी फुटले. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण त्या क्षणी गुणवंत राऊत मनगटावरच्या घड्याळाकडेच पाहत होता. सकाळपासून त्याने दुसरे फारसे काही केलेच नव्हते. आवाज झाला, मोटार एका अंगाला कलली, आणि नानाजींनी ती कशीबशी सावरून कडेच्या पळसाखाली उभी केली. दिग्रस केव्हाच मागे पडले होते. समोरच्या मैलाच्या दगडावर लिहिले होते : पुसद ११.

नानाजी गुणवंतचे मामा. मोटार त्यांची, हाकणारेही तेच. आणि आजच्या दिवशी ती रस्त्यावर काढण्याची हिंमत करणारे सबंध यवतमाळात बहुधा ते एकटेच.

“घ्या!” मागच्या सीटवरून शकुबाई मामी म्हणाल्या. “मी सांगून राह्यली होती का नाई? वरती आठ जण एका घरात बसले हायेत. ते काय उगे बसतीन?”

ती तारीख होती चार फेब्रुवारी, एकोणीसशे बासष्ट. मकर राशीत आठ ग्रह एकत्र आले होते, आणि आता जग बुडणार ही खबर पंचांगांतून बाजारांत व बाजारांतून घराघरांत पोचली होती. गावोगाव होम पेटले होते, मालमोटारी जागच्या हलत नव्हत्या, ठरलेली लग्ने पुढे गेली होती. गुणवंत यवतमाळच्या एका शाळेत विज्ञान शिकवत असे. ग्रह एका दिशेला दिसले म्हणजे ते एकमेकांजवळ आले असे होत नाही, हे तो दिवाळीपासून ज्याला त्याला आकृती काढून दाखवत होता. आकृती सर्वांना आवडे. पटत कोणालाच नसे. शेवटी चिडून तो म्हणाला होता, “मी त्याच दिवशी लग्न करतो!”

त्याची सोयरीक पुसदच्या रामरावांच्या मुलीशी, विमलशी, आधीच ठरलेली होती. हे बोलणे तिच्या कानावर गेले, तेव्हा तिने दोन ओळींचा निरोप धाडला, की मलाही तोच दिवस चालतो. रामराव म्हणजे कापूस आणि तुरीचे मोठे शेतकरी. बाजारात कोणापुढे न हरणारे ते मुलीपुढे हरले. पण हरता हरता त्यांनी एक अट घातली. नवरदेव दिवस मावळायच्या आत मांडवात हवा. नाही आला, तर वरच्यांनी कौल दिला असे धरायचे आणि सोयरीक मोडायची. गुणवंतने ती हसत मान्य केली. इतकेच नव्हे, बाकीचे वऱ्हाड आदल्या दिवशी बसने पुढे गेले, तेव्हा तो मुद्दाम मागे राहिला. आजच्याच दिवशी प्रवास केल्याशिवाय प्रयोग पुरा होत नाही, असे त्याचे म्हणणे होते. मामींची पूजा आटोपेपर्यंत निघायला अकरा वाजून गेले, हे त्याच्या हिशेबात नव्हते.

सूर्यास्त सहा वाजून तेरा मिनिटांनी. तीन तास शिल्लक होते.

“स्टेपनी काढा, मामाजी,” तो कोट काढत म्हणाला. “वीस मिनिटांचं काम हाये.”

नानाजींनी डिकी उघडली. आत समिधांचे पोते होते, तुपाचा डबा होता, नारळ होते, आणि तोंडाला पिवळे फडके बांधलेली तांब्याची घागर होती. स्टेपनी नव्हती.

नानाजींनी पोते उचलून खाली पाहिले. “शकू, यातलं चाक कुठी गेलं?”

“काढलं मी पहाटे. गोठ्यात ठेवलं.”

“काढलं? काहून?”

“मंग? साऱ्या रस्त्याचं शेण-माती तुडवलेलं चाक, ते मी चिंतामणीच्या पाण्याजवळ ठेवू? इटाळ नाई होत?”

घागरीत कळंबच्या चिंतामणी गणपतीच्या कुंडाचे पाणी होते. लग्नानंतर लगेच ग्रहशांती करण्याचा मामींचा बेत होता.

“मामी,” गुणवंत म्हणाला, “शनी-मंगळानं स्टेपनी नाई काढली. तुम्ही काढली.”

“त्याईनंच तशी बुद्धी देली असंन.”

या युक्तिवादाशी झगडायला वेळ नव्हता. जॅक लावून चाक उतरवले. पट्ट्यांनी टायर सोडवून ट्यूब बाहेर ओढली, तेव्हा ती व्हॉल्व्हच्या बुडापासून वीतभर फाटलेली निघाली. पंक्चर असते तर ठिगळ लागले असते. चिंधीला ठिगळ लागत नाही. साडेतीन होऊन गेले होते. दुपारची बस निघून गेलेली. बैलगाडी तासाला तीन मैल चालते आणि माणूस फार तर साडेतीन. अकरा मैलांना दोन्ही अपुरे. गुणवंतने आकडेमोड दोनदा केली. दोन्ही वेळा लग्न मोडले.

तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या उतारावरून माणसे खाली आली. तिथे बंजाऱ्यांचा तांडा होता. पुढे खेमसिंग नाईक, वय ऐंशीच्या घरात, काठी हातात पण तिच्यावर भार नाही. त्यांच्या मागे त्यांची सून रुपीबाई, कोपरापर्यंत बांगड्या, कमरेला गवत कापायचा विळा, आणि तिच्या मागे सात-आठ बाया.

“नवरदेव दिसते,” रुपीबाईने गुणवंतकडे निरखून पाहिले. “कोट नवा, फेटा नवा. चाक तेवढं जुनं आणलं.”

बाया खळखळून हसल्या. गुणवंतने एका दमात सगळे सांगितले : शाळा, अट, सूर्य, अकरा मैल. खेमसिंग ऐकता ऐकता उकिडवे बसले. त्यांनी रिकाम्या टायरात कोपरापर्यंत हात घातला आणि आतून चाचपत फिरवला.

“हे त पालाण हाये,” ते म्हणाले.

“काय हाये?”

“बैलाच्या पाठीवर गोणीखाली राहे ना, ते. माह्या बापाची लदेणी होती. दीडशे बैल मीठ वाहे. मी दहा वर्साचा होतो तवा पालाणं भरे. आतून पोकळ असंन ते भरता येते, मास्तर. याले भरा.”

गुणवंत ताडकन उठला. हवा नसेल तर दुसरे काही! टायराला आत काय आहे याच्याशी देणेघेणे नव्हते. आतून दाब हवा होता, एवढेच. हे आपल्याला का सुचले नाही? आणि भरायला काय, तेही समोरच होते. रस्त्यालगतच्या शेतात वेचलेल्या कापसाचा ढीग पांढराशुभ्र पडला होता.

“कापूस! नाईक, कापूस भरू!”

“कापूस नाई.”

“कायले नाई? मऊ हाये, लवचिक हाये...”

“बसते तो.”

“कशावरून?”

खेमसिंगांनी त्याच्याकडे पाहिले. हा प्रश्न त्यांना आवडला असावा. त्यांनी एक गाठोडे कापसाचे बांधायला लावले आणि दुसरे पिळलेल्या पवन्या गवताचे. दोन्ही वीतभर उंच. “जोडा काढ. दोन्हीवर नाच.”

नवरदेव अनवाणी नाचला. प्रत्येक गाठोड्यावर मोजून वीस उड्या. मग वाकून वितीने मोजले. कापूस चार बोटांवर आला होता आणि तिथेच राहिला. गवत निम्मे दबले होते आणि पाय काढताच पुन्हा वर आले. गुणवंतने खात्रीसाठी आणखी दहा उड्या मारल्या.

“मी चुकलो!” तो ओरडला. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मामींनी हळूच नानाजींना विचारले, “याले ऊन त नाई लागलं?”

आता तांडा कामाला लागला. रुपीबाईने विळा काढला, बायांनी भारे आणले. गवताचे मनगटाएवढे जाड दोर वळायचे, ते टायरात गोल बसवायचे आणि मुसळाने ठोकायचे, अशी रीत. पहिलाच दोर वळताना कडकडून मोडला.

“कोरडं मोडते,” खेमसिंग म्हणाले. “ओलं पाह्यजे. इहीर तिकडे, पाऊण मैल.”

जाऊन-येऊन अर्धा तास. सर्वांच्या नजरा उघड्या डिकीकडे वळल्या. मामींनी घागरीला दोन्ही हातांनी कवटाळले.

“याले हात लावसान त पाहा!”

गुणवंतला बोलण्यासारखे पुष्कळ होते. त्याने ते सारे गिळले. “मामी, पाणी तुमचं हाये. तुम्ही नाई म्हणसान त नाई.”

रुपीबाई मामींजवळ गेली. “याडी,” ती आईला म्हणावे तशी म्हणाली, “देव काय घागरीतच बसून राहते का? कधी कामाले बी येऊ दे त्याले.”

मामींनी घागरीकडे पाहिले, गवताकडे पाहिले, शेवटी भाच्याकडे. “लग्न लागंन ना रे?”

“पाच वाजायच्या आत भरलं, त लागंन.”

मामींनी पिवळ्या फडक्याची गाठ स्वतः सोडली. “चिंतामणी, तुह्या पाण्यानं चाक भिजवून राह्यली. रागावू नको, बाप्पा.” आणि त्या ओंजळीने पाणी शिंपू लागल्या, आधी थेंबथेंब, मग सढळ हाताने, मग पदर खोचून बायांच्या ओळीतच बसून.

ओले गवत वळू लागले. होळी दीड महिन्यावर आली होती, आणि बायांच्या तोंडी तिची गाणी होतीच. त्यांच्या ठेक्यावर मुसळ पडू लागले. नानाजी ठोकत, ते थकले की गुणवंत ठोके. खेमसिंग बोटाच्या पेराने टायरावर टकटक करत कान देत. “इथं पोकळ हाये. आणखी.” पुन्हा दोर, पुन्हा मुसळ. “इथं बी.” सर्वांत शेवटी टायराची कड पहारीने रिमवर चढवायला चार माणसे लागली. चढली तेव्हा सबंध तांड्याने आरोळी ठोकली, आणि त्यात विज्ञानाच्या शिक्षकाचा आवाज सर्वांत मोठा होता.

चार वाजून चाळीस मिनिटे.

“जड माल उजव्या अंगाले,” खेमसिंगांनी बजावले. “बैल लंगडला का आम्ही तसंच करो. दर दोन मैलाले उतरून हात लावून पाहा, तापलं का. अन् परत जाताना नवरी दाखवून जा.”

मामी, तूप आणि समिधा उजवीकडे गेल्या. नानाजींनी वेग तासाला नऊ मैलांवर धरला. चाक आदळत होते, डुगडुगत होते, पण चालत होते. दुसऱ्या मैलाला हात लावला : कोमट. चौथ्याला : गरम. नऊच्या वेगाने अकरा मैलांना त्र्याहत्तर मिनिटे. पोचायला पाच वाजून त्रेपन्न. हाती वीस मिनिटे. गुणवंत हे सगळ्यांना मोठ्याने सांगत असतानाच त्याची नजर समोर गेली आणि तो थबकला. पुसदच्या भोवती टेकड्या होत्या.

“मामाजी! सहा तेराचा सूर्यास्त सपाट जमिनीचा! टेकडीमागं तो दहा-बारा मिनिटं आधीच जाईन!”

“मंग आता टेकडी खोदू का?” नानाजी म्हणाले, आणि त्यांनी वेग वाढवला.

सातव्या मैलाला चाकातून धूर निघाला. गाडी थांबली. घागरीत तळाशी राहिलेले पाणी मामींनी कोणी न सांगता टायराच्या फटीतून आत ओतले. चर्र आवाज झाला. सात मिनिटे थांबावे लागले; त्या सात मिनिटांत गुणवंतने घड्याळ अकरा वेळा पाहिले. मग पुन्हा चाक फिरू लागले.

रामरावांचे घर गावाच्या टोकाला होते. ते स्वतः पश्चिमेकडे तोंड करून ओट्यावर उभे, त्यांच्या मागे सगळे वऱ्हाड आणि अर्धा पुसद. सूर्याची खालची कड टेकडीला लागली होती. तेवढ्यात वळणावर मोटार दिसली : एका अंगाला झुकलेली, चाकातून गवताचे झुबके बाहेर आलेले, मागे धुराची रेघ. ती मांडवाच्या दाराशी येऊन थांबली, आणि अंगणात बांधलेली शेळी दोर ताणून त्या चाकाला तोंड लावू लागली.

गुणवंतने उडी मारली. “आलो! अर्धा बाकी हाये, पाहा!”

रामरावांनी सूर्य पाहिला, मग चाक पाहिले. “पण चाक फुटलं होतं ना, मास्तर? म्हणजे विघ्न आलंच.”

मुंडावळ्या बांधलेली विमल मांडवातून बाहेर आली. “बाबा, शर्त दिवसाची होती. चाकाची नव्हती.”

रामरावांनी पुन्हा पश्चिमेकडे पाहिले. टेकडीवर सूर्याची फक्त लाल कड उरली होती. शब्दाला ते पक्के होते. मिशीतून हसू फुटलेच. “हो, दिवसाची होती. वाजवा रे! कोणाची वाट पाहून राह्यले?”

वाजंत्री सुरू झाली. विमलने वाकून चाकातली एक काडी उपसली. “हे कसं भरलं?”

“आधी मले वाटलं कापूस,” गुणवंत लगेच सुरू झाला, “पण वीस उड्यांत तो चार बोटांवर...”

“मास्तर!” रामराव गरजले. “आधी माळ घाला!”

माळा पडल्या, अक्षता पडल्या. जग बुडाले नाही, पण त्याबद्दल त्या संध्याकाळी पुसदात कोणी काही बोलले नाही. सर्वांना चाकाचीच गोष्ट हवी होती, आणि ती मामी सांगत होत्या. मांडवात बायांच्या मधोमध बसून, रिकामी घागर मांडीवर घेऊन. “गवत काय, कोणीबी भरते. चाललं ते चिंतामणीच्या पाण्यानं.”

गुणवंतने ते ऐकले. विमलनेही. “परत जाताना गवत साध्या पाण्यात भिजवून भरू,” तो म्हणाला.

“तेच चाक, तेच अकरा मैल, तोच वेग,” ती म्हणाली. “तवाच समजंन.”

“अन् नाई चाललं त, मामी, तुमचं खरं.” तो थट्टा करत नव्हता.

मामींनी घागर उपडी करून तळ पाहिला आणि शांतपणे सांगितले, “चालंन ना, बाबू. न चालायले काय झालं? त्या चाकाले एकदा त्याचं पाणी लागलं ना आता.”

नवरा-नवरीने एकमेकांकडे पाहिले.

“मंग प्रयोगाले टायरच नवा घ्या लागंन,” विमल म्हणाली.