रेश्माच्या अंगातली लीला

शेखरच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पार घोटावड्याहून माणसं आली होती. ओटीवर त्याची लेक रेश्मा बसली होती. एरवी कॉलेजात जाणारी, बोलकी पोर. आता डोळे उघडे, पण नजर कुणावरच नाही. उचललेला हात हवेत तसाच राहिलेला आणि तोंड मात्र काहीतरी चघळल्यासारखं सारखं चाललेलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, भुतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी माझ्या अंगावर काटा आला.

"लीलाच ही," कुणीतरी पुटपुटलं.

लीला म्हणजे रेश्माच्या आजीची, सारजाबाईंची, धाकटी जाऊ. रेश्माच्या जन्माआधीच ती भरल्या कपाळानं गेली. जखीण, म्हणजे सवाष्णीचं भूत, झाली म्हणून बांधावर तिच्या नावाचा धोंडा बसवला आणि दर अवसेला चोळी-नारळ सुरू झाला. गेल्या साली शेखरनं शेताचा तो तुकडा बंगलेवाल्याला विकला. धोंडा कंपाउंडच्या आत गेला, वॉचमन कुणाला सोडेना. नैवेद्य चुकला, पोर झपाटली. गावाला दुसरं कारण शोधायची गरजच उरली नाही.

"मला चोळी न्हाई! मला नारळ न्हाई!" भूत उतरवायला बोलावलेला गोरखबुवा बायकी आवाजात किंचाळला. अंगात आलं रेश्माच्या आणि बोलायला तोंड मात्र बुवाचं! मग त्यानं लिंबू कापलं. आतून रक्त ठिबकलं. गर्दीनं हात जोडले.

मी घरातली विळी आणली. "बुवा, आता हिच्यावर कापा."

"परक्या हातानं विळी बाटली!"

मीच कापलं. नुसता रस निघाला. "रंग याच्या चाकूला लावलेला आहे," मी म्हणालो. "आंबट लागलं की लाल होतो. आमच्या प्रयोगशाळेत बाटलीच आहे."

दोघं-तिघं हसले. सारजाबाई हसल्या नाहीत. "लिंबू खोटं आसंल, मास्तर. पर हे तोंड? लीला तश्शीच तोंड चालवायची. ह्या पोरीनं तिला बगितलीबी न्हाई."

मी गावातल्याच सोपानच्या लेकीला, डॉक्टर धम्मदीपाला, फोन लावला. ती आली, तिनं शेखरकडून सगळं ऐकून घेतलं, रेश्माला तपासलं आणि ती म्हणाली, "हिला आत्ताच पुण्याला हलवायला हवं."

"उंबरा वलांडला की पोरगी मरंल!" बुवा गरजला.

धम्मदीपानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. "आज्जी, लीलाआज्जीचं कसं सुरू झालं होतं?"

"डोकं दुखायचं. ताप. मग म्हनायची, कानात कोन बोलतंय. झटकं आलं. मग हे आसं."

"रेश्माचंही अगदी असंच झालंय. त्यांना कुठं नेलं होतं?"

"कुटं न्हाई. ह्या बुवाच्या बापानं हितंच बांधून ठिवली."

"उंबरा ओलांडला नाही ना? मग जगल्या का?"

सारजाबाई उठल्या. "शेखर, गाडी काड."

मणक्यातलं पाणी तपासल्यावर आणि पोटाची सोनोग्राफी केल्यावर निदान झालं. रेश्माच्या अंडाशयात गाठ होती आणि तीत मेंदूसारख्या पेशी होत्या. त्यांच्याशी लढायला निघालेली तिची प्रतिकारशक्ती तिच्या मेंदूवरच उलटली होती. गाठ काढली, औषधं झाली आणि काही महिन्यांनी पोर पुन्हा बोलू लागली.

"या आजारात कानात आवाज येतात, तोंड असंच चालतं. कुणाचंही," धम्मदीपानं सांगितलं. "कधी कधी स्किझोफ्रेनिया समजून भलतेच उपचार होतात. खुद्द स्किझोफ्रेनियातही काहींच्या बाबतीत प्रतिकारशक्तीचा हात असेल का, हे शोधणं चालू आहे. अजून पक्कं नाही."

सारजाबाईंनी विचारलं, "मंजी लीलाबी आजारीच व्हती?"

"आता तपासून सांगता येणार नाही, आज्जी. पण असावी."

सारजाबाई म्हणाल्या, "इतकी वर्सं आमी तिला भ्यालो. ती पोर आमच्याकडं बगत व्हती, बाळा, कुनीतरी सोडवंल म्हनून."

भूत नसतं, हे मी वर्गात अजूनही सांगतो. पण लीलाला मी विसरू शकत नाही. तुमच्या घरात कुणाला आवाज ऐकू येऊ लागले, कुणी भलतंच वागू लागलं, तर बुवाला बोलावू नका. त्या माणसाला डॉक्टरकडे न्या, आणि त्याच दिवशी न्या.