प्रगतीनं फक्त बटण दाबलं होतं

२००२ साली मी कारेगावच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. शेजारच्या एका कारखान्यानं शाळेला काँप्युटर भेट दिला होता. शिरूरला तीन महिन्यांचा कोर्स केलेली मी एकटीच होते, म्हणून त्याचे तास माझ्याकडे आले. बुधवारी मुलींचा, शनिवारी मुलांचा. एक मशीन आणि चाळीस मुली. जिचा नंबर असेल तिनं मशीन चालू करायचं आणि स्वतःचं नाव टाइप करायचं, बाकीच्यांनी मागं उभं राहून बघायचं.

त्या बुधवारी आठवीतल्या प्रगतीचा नंबर होता. तिच्या घरची माणसं पूर्वी मेंढरं घेऊन फिरायची. आता गावात स्थिरावून शेती करत होती. तिनं हात फ्रॉकला पुसले आणि बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या ओळी आल्या आणि तिथंच सगळं थांबलं. मी तीनदा बंद करून चालू केलं. पुन्हा तेच.

मुलींचा गलका ऐकून शाळेचा क्लार्क जयसिंग आला. संस्थेच्या सचिवांचा पुतण्या असल्यानं काँप्युटरच्या खोलीची किल्ली त्याच्याच खिशात असायची. त्यानं मला काही विचारलं नाही. हिनंच कायतरी भलतं दाबलं, असं तो सगळ्या मुलींसमोर म्हणाला आणि हेडमास्तरांना सांगायला गेला. हेडमास्तरांनी शिरूरच्या मेकॅनिकला फोन केला. त्यानं मशीन न बघताच हार्ड डिस्क गेली असेल म्हणून सांगितलं आणि सोमवारी येतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला हेडमास्तर पोपटरावांनी माइकवरून प्रगतीचं नाव पुकारलं. सहाशे पोरांसमोर तिला पुढं उभं केलं. कारखान्यानं दिलेली एवढी मोठी वस्तू हिच्या हातानं बिघडली, तेव्हा आजपासून मुलींचा काँप्युटरचा तास बंद, असं ते म्हणाले. प्रगती मान खाली घालून उभी होती. मी शिक्षकांच्या रांगेत उभी होते. तिनं काहीच चुकीचं दाबलेलं नाही हे मला पक्कं माहीत होतं, आणि तरी मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा राग मला आजही येतो.

शुक्रवारी तिची आई, सारजाबाई, शाळेत आली. आत न येता व्हरांड्यातच उभी राहिली.

"बाई, पोरगी दोन दिस झालं जेवंना," ती म्हणाली. "तिनं खरंच मोडलं का वो ते? मोडलं आसंल तर तसं सांगा. न्हाई मोडलं तर तसं सांगा."

मी तिला थांबायला सांगितलं आणि जयसिंगकडं किल्ली मागितली. मेकॅनिकशिवाय हात लावायचा नाही, असं तो म्हणायला लागला. मी हात पुढं केला तो मागं घेतलाच नाही. शेवटी त्यानं किल्ली टेबलावर आपटली.

मशीन चालू केलं. या वेळी पडद्याकडं न बघता मी कान लावला. पुढच्या बाजूनं, सीडीच्या कप्प्यातून घर्रघर्र आवाज येत होता. मध्येच थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. कप्प्याचा दिवा सारखा लुकलुकत होता. कप्पा उघडायचं बटण दाबलं तर तो उघडेना. म्हणजे आत काहीतरी होतं आणि मशीन तेच वाचायची धडपड करत होतं. मी मशीन बंद केलं, टेबलावरची यू-पिन सरळ केली आणि कप्प्याखालच्या बारीक भोकात दाबली. कप्पा बोटभर बाहेर आला. उरलेला मी ओढून काढला.

आत ओरखड्यांनी भरलेली सीडी होती. तिच्यावर स्केच पेननं 'कार रेस' लिहिलं होतं आणि खाली जयसिंगची लफ्फेदार सही होती.

सीडी बाजूला ठेवून बटण दाबलं. मिनिटभरात विंडोज सुरू झालं. हार्ड डिस्कला काही झालेलं नव्हतं. शनिवारी मुलांच्या तासाला मशीन नीट चाललं होतं, म्हणजे मधल्या दिवसांत कधीतरी हा माणूस गाड्यांचा खेळ खेळला आणि सीडी आतच विसरला. बुधवारी मशीन ती वाचता वाचता अडकलं. दोष लागला तेरा वर्षांच्या पोरीला.

मी सीडी घेऊन ऑफिसात गेले. जयसिंग तिथंच बसला होता. मला वाटलं होतं तो निदान ओशाळेल.

"सापडली व्हय," तो म्हणाला. "द्या हिकडं. कवापास्नं हुडकतोय."

सीडी मी दिली नाही. पोपटरावांना सगळं सांगितलं आणि ज्या माइकवरून प्रगतीचं नाव घेतलं, त्याच माइकवरून उद्या खरं सांगा, असं मी म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला.

"मॅडम, मशीन चालू झालं न्हवं? मग विषय संपला. सचिवांच्या घरातला माणूस हाय. तास सुरू करा तुम्ही पुन्हा, माझी ना न्हाई."

"तास तुम्ही ऑफिसात बसून बंद केला नव्हता सर, सगळ्या शाळेला ऐकवून केला होता," मी म्हणाले. पण ते पुढचे कागद चाळायला लागले होते.

बाहेर येऊन मी सारजाबाईला सगळं सांगितलं आणि उद्या परिपाठाला या म्हणाले.

शनिवारी प्रतिज्ञा झाली आणि पोपटराव सूचना द्यायला उठायच्या आत मी माइकपाशी गेले. सीडी वर धरली. ही कुणाची, ती आत कशी राहिली, मशीन का अडलं, सगळं नावानिशी सांगितलं. प्रगतीचा काही दोष नव्हता, आणि गुरुवारी मी गप्प राहिले हा माझा दोष होता, हेही सांगितलं. माझा आवाज चढला होता. गेटपाशी सारजाबाई उभी होती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ती शेताकडं निघून गेली.

बुधवारी मुलींचा तास झाला. प्रगतीला मी पुन्हा पहिला नंबर दिला. तिनं बटण दाबलं, मशीन सुरू झालं, पण ती हसली नाही. "बाई, बंद करून परत एकदा चालू करू का?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले. तिनं चार वेळा केलं. मागच्या मुलींपैकी कुणीही आपला नंबर मागितला नाही.

त्याच दुपारी मला मेमो मिळाला. वरिष्ठांची परवानगी न घेता माइकचा वापर आणि संस्थेच्या कर्मचाऱ्याची बदनामी, खुलासा तीन दिवसांत. जूनमध्ये संस्थेनं माझी बदली दौंड तालुक्यातल्या शाळेत केली. जयसिंग कारेगावातच राहिला. खुलाशाला मला तीन दिवस लागले नाहीत. मेमो हातात पडला तेव्हा तिथंच पोपटरावांच्या टेबलापाशी उभ्या उभ्या मी लिहिलं, की मी बोलले ते खरं आहे आणि त्यातला एकही शब्द मी मागं घेणार नाही. खाली सही केली आणि त्यांच्याकडून पोच मागून घेतली.