जाणाऱ्याचं रताळं

जपानमधल्या तोकुशिमाच्या दंतमहाविद्यालयात इतानोबाईंनी एकतीस वर्षं प्रयोगाचे उंदीर सांभाळले. मारायचं काम दुसऱ्यांचं, खाऊपाणी बाईंचं. आणि आता काय सांगावं, ज्या दिवशी उंदीर मरायचे, त्या सकाळी बाई प्रत्येकाला उकडलेल्या रताळ्याचा तुकडा द्यायच्या. रात्रीपासून उपाशी ठेवायचा नियम होता, ठाऊक होता त्यांना. पण जाणाऱ्याला कोरड्या तोंडाने धाडायचं? छे! ते काही त्यांच्याने होत नसे.

एका बुधवारी चिनात्सु, पीएच.डी. करणारी पोर, टेबलावर डोकं टेकून बसली होती.

"थकले हो मी, बाई. नाव काढून घेते आणि बाबांच्या सलूनमध्ये केस कापत बसते."

"अगं, पण बिघडलंय कुठे?"

"औषध लाळग्रंथीच्या पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटतं, निरोप आत जातो, आणि आत दडलेली पाण्याची दारं वर येऊन पेशीच्या पडद्यात बसतात. मग लाळ सुटते. ज्या उंदरांना औषध नाही, त्यांची दारं आतच हवीत ना? माझ्याकडे दोन्ही गटांची पडद्यात! यांना निरोप देतं कोण, भूत?"

"आणि काही खाल्लं असेल तर?" बाईंनी हळूच विचारलं.

"घास तोंडात पडला तरी तोच निरोप जातो. पण आपले तर उपाशी असतात."

गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? पण पोरीचं तोंड बघवेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं.

चिनात्सुने डोकं पुन्हा टेबलावर टेकलं.

"दीड वर्ष वाया, बाई," ती म्हणाली. ओरडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"एकदाच करून बघ. या खेपेला मी काही देणार नाही."

पुढच्या बुधवारी बाई रिकाम्या हाताने पिंजऱ्यांपाशी गेल्या. उंदीर जाळीला नाकं लावून उभे राहिले. बाईंनी पाणी बदललं आणि मान खाली घालून निघून आल्या.

शुक्रवारी चिनात्सु धावतच आली. पडद्यात जितकी दारं, तितकी चाचणीची पट्टी काळी; औषध न दिलेल्यांची पट्टी जवळजवळ कोरी, दिलेल्यांची काळीभोर.

"आला फरक! वाचले मी, बाई! चला, आज उदोन नूडल्स माझ्याकडून."

"बरं झालं गं पोरी." खरंच बरं वाटलं होतं त्यांना, अगदी मनापासून. "आता संपलं ना सगळं?"

"संपतंय कसलं! खात्री पटायला पुन्हा करावं लागणार. फार नाही, चोवीस उंदीर."

"चोवीस," बाई म्हणाल्या, आणि स्टूल ओढून खाली बसल्या.