माझ्या तोंडात कोणी डोकावलं?

मी कर्णा बोलतोय. देवळावरचा नव्हे, उपग्रहाच्या अँटेनातला. गुरुग्रामच्या एका कंपनीत आम्हा कर्ण्यांना एका भल्यामोठ्या तबकडीसमोर दाटीवाटीनं बसवलंय. प्रत्येकानं आपापल्या मुलखावर लहरी टाकायच्या, शेजारच्या हद्दीत सांडायच्या नाहीत. माझ्या वाट्याला कोकणपट्टी आली. हद्दीची राखण करता करता माझा स्वभावच संशयी झाला.

आमची रचना अलकनंदाताईंची. खंडेनवमीला घरच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी आमची पूजा केली. हळदकुंकू खाली स्टँडला लावलं, काजूकतली मात्र माझ्या तोंडाला टेकवली. मी सुखावलो.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि चाचणीत माझ्या लहरी शेजारी सांडल्या. साहेबांनी बजावलं, "ये ठीक नहीं हुआ, तो डिझाइन कॅन्सल." ताईंची सगळी मेहनत पाण्यात जाणार होती.

त्या संध्याकाळी ताई घरी गेल्यावर त्यांचा मित्र मानस एकटाच आत आला. मोजणीचं काम त्याचं. टॉर्च मारून माझ्या तोंडात कितीतरी वेळ बघत बसला. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

सकाळी ताईंनी कॅमेऱ्यात ते पाहिलं. त्याला एका शब्दानं विचारलं नाही. साहेबांना म्हणाल्या, "सर, मानस को हटा दीजिए." त्याचं आत येण्याचं कार्ड बंद झालं. तो काचेच्या दाराशी उभा राहून हात हलवत होता, ताईंनी पाठ फिरवली. बरी खोड मोडली, असं मला वाटलं.

मग ताई स्वतः एकेका कर्ण्याला तपासू लागल्या. माझ्या तोंडावरच्या पातळ, पारदर्शक पडद्याला काजूकतलीचा चांदीचा वर्ख चिकटला होता. शेवटी धातूच तो, लहरी अडवून भलतीकडे फेकत होता. ताईंनी तो वर्ख पुसला आणि चाचणी बिनचूक झाली. रचना वाचली.

ताईंनी स्पीकरवर फोन लावला. "सॉरी यार मानस. वर्ख होता. माझ्याच हातचा."

"माहीत आहे, अलका. मला त्याच संध्याकाळी दिसला होता. पण तुझ्या पूजेचा, तुला न विचारता कसा पुसू? सकाळी फोन केले, तू कापलेस. दाराशीही आलो होतो."

"मग परत ये ना."

"नको. चलो, ठेवतो."

उपग्रहावर जाणारे कर्णे वेगळे, ते केव्हाच गेले. मी चाचणीपुरता, आता कपाटात कापडाखाली पडून असतो. मानसही आला नाही. माझा आवाज माणसांच्या कानाला ऐकू येत नाही, मी कोणाला काय विचारणार? पण ताई, तुम्ही तरी दार उघडून एकदा विचारायचं होतं हो.